लांबर्ट्झबाईंना शेलापागोटं

ईप्सिताला किटात सोडून मी लगेच घरी येते, असं मी देवदत्तला सांगत असे. किटा म्हणजे इथली बालवाडी. आता ते सांगणं अगदीच खोटं नव्हतं. फाटकातून बाहेर पडल्यावर मी कुंपणाला वळसा घालून एका झुडपाआड उभी राहायची. लॉरेलचं झुडूप, बारा महिने हिरवं. तिथून खेळाच्या खोलीची खिडकी दिसते. पोर रडत नाहीये ना, कोणी ढकललं नाही ना, मोजे ओले नाहीत ना, एवढं बघायचं आणि निघायचं. पाच मिनिटं. कधी दहा. थंडी फार असली की घड्याळ बघायला हातमोजा काढवत नसे, तेव्हाचं सांगता येत नाही.

ही गोष्ट २००७ च्या जानेवारीतली. आम्हाला कोलोनला येऊन पाच वर्षं झाली होती. देवदत्त मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, ईप्सिता चार वर्षांची आणि मी पुण्याहून मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. घेऊन आलेली, जिचे जंतू आता फक्त पोरीच्या नाकात उरले होते. डिसेंबरात अचानक मला पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. दोन एप्रिलपासून, सकाळी साडेआठ ते चार. मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, किटा साडेबाराला सुटते.

दिवसभराची जागा मागता येते, पण मिळेलच असं नसतं. त्या वर्षी जागा दोन आणि अर्ज नऊ. प्रयोगशाळेला फेब्रुवारीच्या वीस तारखेपर्यंत लेखी हवं होतं. नाहीतर, तिथल्या बाईंनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, "यादीत दुसरं नाव आहे."

आणि त्या नवांतले दोन निवडणार होत्या किटाच्या मुख्य, फ्राऊ लांबर्ट्झ.

लांबर्ट्झबाई बोलत कमी आणि लिहीत जास्त. मुलांचे कोट अडकवायच्या खुंट्यांवर रोज सकाळी त्यांची चिठ्ठी अडकवलेली. 'प्रिय पालक, ईप्सिताची चिखलाची विजार आणावी.' म्हणजे चिखलात खेळताना वरून चढवायची रबरी विजार. 'प्रिय पालक, टोपीवर नाव नाही.' 'प्रिय पालक, काल तुम्ही बारा बत्तीसला आलात.' खाली सही, आणि सहीखाली आडवी रेघ. ती रेघ पट्टीनं मारलेली असायची. मी त्यांच्यासमोर उभी राहिले की माझं सगळं जर्मन आटायचं आणि एकच शब्द उरायचा, "गेनाऊ." अगदी बरोबर. त्यांनी काही विचारलं तरी गेनाऊ, रागावल्या तरी गेनाऊ.

पण त्यांच्या पाठीमागे काय करायची, ते सांगते.

पुण्याला आमच्या कॉलेजात गॅदरिंगला शेलापागोटी व्हायची. इंग्रजीत त्याला फिशपॉंड म्हणायचे. गॅदरिंगच्या आधी आठ दिवस एक खोकं ठेवायचे, वरती फट. ज्याला कोणाला काही सुनवायचं असेल त्यानं ते दोन ओळींत, जमलं तर यमक जुळवून, लिहून टाकायचं. खाली आपलं नाव नाही. मग भर सभागृहात ते वाचलं जायचं, आणि ज्याच्यावर असेल त्यानं उठायचं, पुढे यायचं, एखादी साजेशी वस्तू स्वीकारायची आणि हसायचं. वर्गात झोपणाऱ्या श्रीरंगला उशीचा अभ्रा मिळाला होता. देवदत्तला सेफ्टी पिनांचं पाकीट, कारण तो बोलताना समोरच्याच्या शर्टाची बटणं तोडायचा. ते मी लिहिलं होतं. त्यानं नियम मोडून कोणी लिहिलं ते शोधून काढलं, आणि पुढचा इतिहास तुम्हाला सांगायला नको.

ती जुनी खाज जर्मनीत येऊन गेली नव्हती. ईप्सिताला वरणभात भरवताना मी त्या दिवशीच्या चिठ्ठीचं शेलापागोटं करायची.

*टोपी हवी, मोजे हवे, हवी चिखलाची विजार,*
*पोरगी घरी विसरा हवं तर, यादी विसराल तर खबरदार!*

ईप्सिता खदखदून हसायची आणि घास आत जायचा. तिला मराठी पक्कं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. मला वाटायचं मराठी आहे, घरातच राहील. घरातल्या कोणत्याच गोष्टीवर इतका विश्वास टाकू नये.

संक्रांतीच्या पुढच्या रविवारी मराठी मंडळाचं हळदीकुंकू आणि स्नेहसंमेलन झालं. ऊर्मिलावहिनींनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या आद्य सभासदांनी, बुटांचं खोकं चकचकीत कागदात गुंडाळून शेलापागोटी ठेवली होती. मी सहा टाकली. सगळ्यांवर टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपेपर्यंत मी आपली कान देऊन बसले होते. माझ्यावर एकही नव्हतं. पाच वर्षांत एकदाही नाही. मी सगळ्यांकडे बघत असते, आपल्याकडे मात्र कोणी बघत नाही, असा एक विचार आला. मग तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन मी घरी आले.

त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, घास तोंडात घोळवत ईप्सिता जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, मी आज तुझी कविता म्हटली." इथे मामा म्हणजे आई.

"कुठली गं?"

"डोमची."

मी वाटी खाली ठेवली. डोम म्हणजे आमच्या गावचं ते जगप्रसिद्ध कॅथेड्रल. आणि डोमची म्हणजे ही:

*सहाशे वर्षं लागली म्हणे कोलोनच्या त्या डोमला,*
*लांबर्ट्झबाई साडेबाराला बांधून, कुलूप लावून गेल्या असत्या होमला!*

"कोणापुढे म्हटलीस?"

"सगळ्यांपुढे. खुर्च्यांच्या रिंगणात. फ्राऊ लांबर्ट्झनी विचारलं, घरी गंमत कोण करतं? मी म्हटलं, मामा. ती तुमच्यावर कविता करते." मग तिनं ती म्हणूनही दाखवली, जशी किटात म्हटली होती तशी, जर्मनमध्ये. पोरीनं भाषांतर इतकं नेमकं केलं होतं की एरवी मी अभिमानानं आईला पुण्याला फोन केला असता.

"मग? त्या हसल्या?"

ईप्सितानं विचार केला. "नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं."

दुसऱ्या दिवशी खुंटीवर चिठ्ठी होती. 'प्रिय फ्राऊ दामले, कृपया सोमवारी तीन वाजता मला भेटावे. कवितांसंबंधी.' सही. पट्टीची रेघ.

कवितांसंबंधी! अनेकवचन होतं. म्हणजे विजारीचीही म्हटली होती.

संध्याकाळी देवदत्तनं चिठ्ठी वाचली आणि सोफ्यावर आडवा होऊन हसला.

"हसू नकोस. नऊ अर्ज आहेत. त्यातून सात गाळायला त्यांना काहीतरी कारण हवंच होतं, ते मी चालीत बसवून दिलं."

"माफी माग आणि मोकळी हो. सांग, जोक होता."

"जोक नव्हता तो. जोक कोणावरही होतो."

"मग टोमणा होता म्हण."

"टोमणा तर मुळीच नाही! टोमणा मारतात तो समोरच्यानं घरी जाऊन रडावं म्हणून, आणि मारणारा वर म्हणतो, मी कुठे काय बोललो. तुझी मामी मारते तो टोमणा. शेलापागोटं वेगळं."

"हे जर्मनमध्ये सांग," तो म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला.

तीच तर अडचण होती. मी डिक्शनरी घेऊन बसले. एका शब्दाचा अर्थ चेष्टा निघाला, दुसऱ्याचा टोचणी, तिसऱ्याचा कुचेष्टा. एकेक शब्द मला किटाच्या दारापासून आणखी लांब नेत होता. शेवटी मी ऊर्मिलावहिनींना फोन लावला. त्या पंचवीस वर्षं इथल्या ऑफिसात काढलेल्या.

"अगं मैथिली, काय केलंस हे!" त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "माझ्या साहेबाला मी एकदा अशीच कोपरखळी मारली होती."

"मग?"

"मग काही नाही. तो पुढच्या मीटिंगला हसला. तीन आठवड्यांनी."

"माझ्याकडे तीन आठवडे नाहीत हो, वहिनी."

"आल्झो," म्हणजे 'तर मग', वहिनींचा प्रत्येक सल्ला ह्यानंच सुरू होतो, "तिळगूळ घेऊन जा. रथसप्तमी झाली तर झाली, तिला कुठे कळतंय. आणि हे बघ, अर्थ सांगत बसू नकोस. कसं करतात ते सांग."

सोमवारी तीनला पाच कमी असताना मी लांबर्ट्झबाईंच्या दारात होते. हातात स्टीलचा डबा, डोक्यावर माझी लाल लोकरीची टोपी, आणि पाठ केलेली माफीची सात वाक्यं. त्यांनी बरोबर तीनला दार उघडलं. टेबलावर एक वही आणि टोक काढलेली पेन्सिल. मागच्या खिडकीतून कुंपण अगदी लख्ख दिसत होतं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

"बसा. किती आहेत?"

"काय?"

"कविता."

"चार," मी म्हणाले. अकरा होत्या.

"म्हणा. आधी तुमच्या भाषेत. मला चाल ऐकायची आहे."

मी लांबर्ट्झबाईंच्या तोंडावर, भर दुपारी, त्यांच्यावरची शेलापागोटी म्हटली. जन्मात एवढं कठीण काम केलं नव्हतं. मग एकेकाचं जर्मन केलं. त्या लिहून घेत होत्या. चेहऱ्यावर काहीही नाही. डोमची संपली तेव्हा पेन्सिल जराशी थांबली, एवढंच.

"ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

पाठ केलेली सातही वाक्यं पळून गेली. वहिनींचं आठवलं, कसं करतात ते सांग.

"शेलापागोटं. शेला म्हणजे खांद्यावर घ्यायचं उंची वस्त्र आणि पागोटं डोक्याला. मोठ्या माणसाचा मान करायचा असला की द्यायचे. आम्ही कॉलेजात त्याच्याऐवजी दोन ओळी द्यायचो."

"टीका करणाऱ्या."

"गेना..." मी जीभ चावली. "हो. टीकाच. पण सगळ्यांसमोर, आणि ती ऐकायला तो माणूस तिथे हजर पाहिजे. पाठीमागे केली तर ते शेलापागोटं नाही."

"तुम्ही पाठीमागे केलीत."

"हो," मी म्हणाले. काय म्हणणार? "ते माझं चुकलं. मला तुमच्यासमोर म्हणायची हिंमत नव्हती."

त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही. "आणि ज्याच्यावर आहे तो काय करतो?"

"उठतो, पुढे येतो. त्याला एखादी वस्तू देतात. तो हसून घेतो. कोणी लिहिलं ते विचारायचं नसतं."

"रागावला तर?"

"तर पुढच्या वर्षी त्याच्यावर कोणी लिहीत नाही. आणि ते फार वाईट." बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हा जुना रोग. "आमच्या वर्गात मीनल होती. गॅदरिंगला नवी साडी नेसून तीन तास पुढच्या रांगेत बसली. शंभर शेलापागोटी वाचली, तिच्यावर एकही नाही. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली. तिच्यात कोणाला काही दिसलंच नव्हतं ना. एखाद्यावर दोन ओळी लिहायच्या तर त्याच्याकडे नीट बघावं लागतं. खूप दिवस."

लांबर्ट्झबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्यावर इथे कोणी लिहिलं?"

"नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ह्या वेळी पट्टी न घेता. मला उलटं वाचता येतं, सवय आहे. पण त्यांनी हात आडवा धरला होता.

मी डबा पुढे केला. हे दिल्यावर गोड बोलायचं असतं, असं म्हणाले. त्यांनी वडी उचलली, चावली. कट्ट असा आवाज झाला. ह्या वर्षी माझा पाक जरा पुढे गेला होता. बाईंनी गालावर हात ठेवला, पण वडी सोडली नाही.

"दिवसभराच्या जागांचं सगळ्यांना कार्निव्हलच्या गुरुवारी कळेल," त्या कशाबशा म्हणाल्या. "धन्यवाद, फ्राऊ दामले."

घरी येऊन मी देवदत्तला सांगितलं, "आधी अपमान केला, मग दात पाडला. आता प्रयोगशाळेला फोन करून नाही म्हणून सांगते."

"गुरुवारपर्यंत थांब."

"कशासाठी?"

"जमलं तर दाढही पाडू," तो म्हणाला. मी उशी फेकून मारली.

पुढचे सतरा दिवस खुंटीवर एकही चिठ्ठी आली नाही. चिखलाची विजार मी मुद्दाम एकदा विसरले, तरी नाही. हे भलतंच लक्षण होतं. मी झुडपाआड पाच मिनिटांची वीस मिनिटं करायला लागले. आपल्यावरचा राग पोरीवर निघत नाही ना, हे बघायला नको?

कार्निव्हलचा गुरुवार कोलोनमध्ये बायकांचा. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी गावाची सत्ता त्यांच्या हातात जाते आणि त्या कात्री घेऊन दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. हे मी देवदत्तला सांगायला विसरले. खरंच विसरले. तो रजा टाकून आमच्या लग्नातला रेशमी टाय घालून आला, आणि किटाच्या दारातच लांबर्ट्झबाईंनी तो गाठीखाली बोटभर ठेवून कापला. बाईंच्या अंगावर विदूषकाचा लाल-पांढरा झगा आणि डोक्यावर घंटा लावलेली टोपी होती. चेहरा नेहमीचाच.

ईप्सिता मधमाशी होऊन पहिल्या रांगेत बसली होती. मी मागे, दाराजवळ. रडू आलं तर पटकन बाहेर पडता यावं.

मग दोन बाबांनी पावसाचं पाणी साठवायचं एक लाकडी पिंप आणून मधोमध ठेवलं. लांबर्ट्झबाई स्टुलावर पाय देऊन त्यात उतरल्या. पिंपातून फक्त अर्ध्या बाई दिसत होत्या. मी शेजारच्या आईला विचारलं, हे काय?

"पिंपातलं भाषण," ती म्हणाली. "तुला पाच वर्षांत माहीत नाही? ह्यात कोणाला सोडत नाहीत. बाई दरवर्षी करतात. अगं, त्यांचे आजोबाही करायचे."

बाईंनी वही उघडली. तीच वही.

पहिल्या दोन ओळी एका बाबांवर, जे पोराला सोडताना फोनवर बोलता बोलता एकदा दुसऱ्याचंच पोर घेऊन निघाले होते. हॉल हसला. स्वयंपाकघरातल्या बाईंनी पातेल्याची दोन झाकणं एकमेकींवर आपटली, टॅ-टॅ, टॅ-टॅ, टॅ-टॅ! मग एका आईवर. मग एका आजीवर. आणि नंतर स्वतःवर: "सहाशे वर्षं लागली डोमला," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या हाती असता, तर साडेबाराला बांधून कुलूप." माणसं बाकांवरून घसरली. झाकणं थांबेनात. बाई हात वर करून म्हणाल्या, "ही माझी नाही. मला मिळालेली आहे. कोणी दिली ते विचारायचं नसतं."

मी खाली बघत होते. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. ते मी नंतर घरी बसून मराठीत केलं, ते असं:

*आमच्या कुंपणापाशी एक झुडूप आहे फार गुणी,*
*जानेवारीतही त्याला फुटते लाल टोपी, लाल ओढणी.*
*पोर आत मजेत खेळे, झुडूप बाहेर मुसमुसे,*
*त्याला पाणी घालावं की कॉफी, हेच आम्हाला कळत नसे.*

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. सगळ्या! म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सहा महिने. देवदत्तला सोडून. तो तोंडाचा आ करून माझ्या लाल टोपीकडे बघत होता. पहिल्या रांगेतून मधमाशी ओरडली, "मामा, तू झुडूप आहेस!"

बाई थांबल्या नव्हत्या.

*एप्रिलपासून झुडपाला मात्र नोकरीवर जायचं आहे,*
*साडेचारपर्यंत पोर आमचं, झुडपाने निश्चिंत राहायचं आहे.*

टॅ-टॅ, टॅ-टॅ, टॅ-टॅ!

इथे पिंपातलं भाषण ऐकणारे जागेवरच बसून हसतात. कोणी उठत नाही. पण माझे पाय पुण्यातले. मी उठले आणि बाकांमधून वाट काढत सरळ पुढे चालत गेले. लोक गप्प झाले, त्यांना वाटलं मी भांडायला निघाले. लांबर्ट्झबाईंना मात्र वाटलं नाही. त्यांनी पिंपात खाली हात घातला आणि एक वस्तू वर काढली. मुलांच्या वाळूच्या खेळातली पिवळी झारी. त्यांनी ती तयारच ठेवली होती.

झारीत घडी घातलेला कागद होता. ईप्सिता दामले, दिवसभराची जागा, दोन एप्रिलपासून. किटाचा शिक्का, सही, आणि पट्टीनं मारलेली रेघ.

नियमाप्रमाणे हसायचं असतं. मी हसले. त्याबरोबर जे दुसरं झालं त्याबद्दल नियमात काही नाही.

"बाई," मी नाक पुसत म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझं जर्मन आटलं नाही, "तिसऱ्या ओळीत तुमची मात्रा चुकते."

"गेनाऊ," लांबर्ट्झबाई म्हणाल्या.

कार्निव्हल संपल्यावर बुधवारी ईप्सिताला सोडलं. एप्रिलला अजून वेळ होता, तेव्हा म्हटलं शेवटचं पाच मिनिटं बघून घ्यावं. वळसा घालून गेले तर झुडपाच्या फांदीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं एक चिठ्ठी लावलेली.

'प्रिय झुडूप, टोपीवर नाव नाही.'